इंजिन बांधायचं की भंगारात?

दोस्तांनो, कोकणातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. काकांच्या होडीचं जुनं आउटबोर्ड इंजिन दोन वर्षं खोपीत पडून आहे. काका म्हणतात, भंगारात घाला. हा म्हणतो, पुन्हा बांधू. खरं कुणाचं?

पैसे काढण्याआधी स्पार्क प्लग काढा आणि फ्लायव्हील हातानं फिरवून बघा. (काका शेजारी हवेतच!) हललंच नाही तर जोर लावायचा नाही, प्लगच्या भोकातून तेल सोडून दोन दिवस थांबा. फिरलं, तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असले की झालं. एकाचा फार कमी असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. त्या बदलता येतात. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. घाबरू नका, बरेचदा नव्या सीलवर भागतं.

खरा वैरी मीठ! हे इंजिन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं. मग मीठ आतल्या वाटांत साचतं, ॲल्युमिनियम कुरतडतं. ब्लॉकच खाल्ला गेला असेल, किंवा त्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नसतील, तर काकांचं ऐका. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी असलं इंजिन बंद पडलं, तर होडी थेट बाहेर ओढली जाते.

बांधलंतच, तर आधी पिंपात गोडं पाणी भरून न्यूट्रलमध्ये चालवा. आणि होडीत वल्ही ठेवा हं! फ्लायव्हील फिरलं का, ते कळवा.