राजा शोधायचा तर वाळवीत



'राणी हुकूम सोडते, नर सैनिक वारूळ राखतात' हे आपल्या मुंग्यांवरच्या लेखातलं विधान साफ चूक आहे. राणी फक्त अंडी घालते. कामकरी असोत की मोठ्या डोक्याचे सैनिक, सगळ्या माद्याच. नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतो! मिलनानंतर तो लवकरच मरतो. राणी त्याचे शुक्राणू साठवून जन्मभर वापरते. युरोपातल्या काळ्या मुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगली.

पहिल्या पावसात आमच्या कन्नमवारनगरात ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडतो. लेखक त्या पंखवाल्या किड्यांना सरसकट मुंग्या म्हणतात. त्यात वाळवीही असते. चारही पंख सारखे, कंबर जाड, मिशा सरळ असतील तर ती वाळवी. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. राजा हवाच असेल तर तो वाळवीत सापडेल, राणीशेजारी वर्षानुवर्षं.

उलट आपल्याकडच्या डायाकामा मुंग्यांत राणीच नसते. एक कामकरी मुंगीच अंडी घालते आणि कोशातून नुकत्या निघालेल्यांच्या छातीवरचे इवले अवयव तोडून टाकते, म्हणजे त्यांचं मिलनच होत नाही.

– एक वाचक, विक्रोळी (पूर्व)