विश्लेषण : शिक्षकाच्या मोबाइलमध्ये ॲप किती आणि अध्यापन किती?

मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषक शहरात शिक्षकांना डिजिटल साधनांची गरज मोठी आहे. मात्र साधन वर्गाच्या मदतीला येते की माहिती भरण्याचे काम वाढवते, यावर त्याचा उपयोग ठरतो. या साधनांचे स्वरूप, फायदे आणि मर्यादा काय आहेत, याचा आढावा.

शिक्षकांची डिजिटल साधने म्हणजे काय?

त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार वर्गासाठीचा. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड, चित्रफिती, गोष्टींची ई-पुस्तके, वाचनसरावाचे ॲप, विज्ञानाचे आभासी प्रयोग ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रकार कार्यालयासाठीचा. विद्यार्थ्यांची नोंदणी, ऑनलाइन हजेरी, ‘यू-डायस प्लस’, ‘अपार’ क्रमांक, योजनांचे अहवाल हे सारे त्यात येते. पहिल्या प्रकारात माहिती शिक्षकाकडे येते, दुसऱ्यात ती शिक्षकाकडून वर जाते. दोन्ही एकाच मोबाइलवर चालतात आणि दोन्हींना ‘डिजिटल शिक्षण’ म्हटले जाते. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

महाराष्ट्रात सुरुवात कशी झाली?

राज्यात वर्गातील तंत्रज्ञानाची सुरुवात बऱ्याच अंशी शिक्षकांनीच केली. मीरा-भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून ‘डिजिटल’ झाली आणि तिचे अनुकरण इतरत्र झाले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी ‘सरल’ प्रणाली सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. आज क्यूआर कोडमागील साहित्य आणि शिक्षकांची ऑनलाइन प्रशिक्षणे त्यावर मिळतात.

मीरा-भाईंदरचे वेगळेपण काय?

१९८५ मध्ये नगर परिषद आणि २००२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांहून अधिक होती. उत्तनचा कोळीवाडा, काशिमीऱ्याच्या वस्त्या, भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे आणि मीरा रोडचे टॉवर अशा अगदी वेगळ्या वस्त्या येथे शेजारी-शेजारी आहेत. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांच्या आहेत. शाळेचे माध्यम एक असले, तरी मुलाची घरची भाषा तीच असेल असे नाही. त्यातच भाड्याची घरे आणि स्थलांतर यामुळे वर्षाच्या मध्येच मुले येतात-जातात. अशा वर्गात एकाच पानावर सगळ्यांना पुढे नेणे कठीण असते. चौथीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल, तर त्याला त्याच्या पातळीचे साहित्य हवे. छापील पुस्तकाला शक्य नसलेले हे काम योग्य डिजिटल साधन करू शकते.

मोफत आणि उपयोगी काय आहे?

‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्या छापता येतात, अनुवादित करता येतात. एकच गोष्ट मराठी आणि हिंदी वा उर्दूत शेजारी ठेवून वाचता येणे बहुभाषक वर्गात मोलाचे ठरते. गूगलचे ‘रीड अलाँग’ मुलाचे मोठ्याने वाचन ऐकते, अडखळल्यास मदत करते. गोष्टी उतरवून घेतल्यास ते इंटरनेटशिवायही चालते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचे गणित-विज्ञानाचे अनेक आभासी प्रयोग मराठीतही आहेत. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ आहे. यांपैकी कशालाही महागडा ‘स्मार्ट बोर्ड’ लागत नाही. एक प्रोजेक्टर किंवा दोन-तीन टॅब पुरतात.

मग शिक्षकांची तक्रार कशाबद्दल?

मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल. २०२३ च्या अखेरीस राज्यात विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याची सूचना आली. कागदी हजेरीपट मात्र बंद झाला नाही. ‘अपार’साठी आधारवरील आणि शाळेतील नाव जुळावे लागते, एका अक्षराचा फरक असला तरी काम अडते. स्थलांतरितांच्या शहरात असे फरक साहजिकच अधिक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरणही जाहीर केले. पण विद्यार्थ्यांची माहिती भरणे हे शाळेचेच काम मानले जाते. त्यामुळे कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक असलेली आगामी जनगणनाही मोबाइल ॲपवर होणार आहे आणि प्रगणक म्हणून शिक्षकांवरच मोठी भिस्त असते.

उपकरणे दिली की शिकणे सुधारते?

आपोआप नाही. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने पुराव्याशिवाय तंत्रज्ञान वर्गात आणण्याबाबत सावध केले. ब्रिटनमधील शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी केवळ ७ टक्क्यांनी आपल्या उत्पादनाची शास्त्रीय चाचणी घेतल्याचे त्यात नमूद आहे. देशात ‘यू-डायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. ‘असर’ २०२४ या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी वापर करणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापर करणारे ७६ टक्के. उपकरण हातात असणे आणि त्यातून शिकणे यांतले हे अंतर शिक्षकच कमी करू शकतो.

मुलांच्या माहितीचे काय?

मोफत ॲप अनेकदा नाव, छायाचित्र, मोबाइल क्रमांक मागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक करण्यात आली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. शाळांना शैक्षणिक कामासाठी काही सवलती आहेत. तरीही वर्गातील चित्रफिती शिक्षकाच्या खासगी मोबाइलवर आणि व्हॉट्सॲप गटांवर साठत जाणे हा धोका आहेच.

पुढे काय व्हायला हवे?

महापालिका स्तरावर तीन गोष्टी फार खर्चाविना शक्य आहेत. एक, शाळा आधीच देत असलेली माहिती पुन्हा न मागणे आणि नोंदींचे काम शिक्षकाऐवजी कार्यालयीन कर्मचाऱ्यांकडे देणे. दोन, चारही माध्यमांच्या शिक्षकांनी निवडलेले साहित्य एकदाच उतरवून प्रत्येक शाळेत पेनड्राइव्हवर पोहोचवणे, म्हणजे नेटवर्कवर अवलंबून राहावे लागणार नाही. तीन, नवी खरेदी करण्यापूर्वी एखाद्या शाळेत सहा महिने वापरून मुलांच्या वाचनात फरक पडतो का, ते तपासणे. पालकांनीही शाळेत किती स्क्रीन आहेत यापेक्षा आपले मूल किती वाचू लागले, हे विचारायला हवे. शिक्षकाचे दिवसाकाठी १५ मिनिटे वाचवणारे साधन ती मिनिटे मागे पडलेल्या मुलाला देते. तेवढीच मिनिटे नोंदींत गेली, तर नुकसानही त्याच मुलाचे होते.