कागदी पिशवीचे आयुष्य

एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ठराविक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीही बेकायदा ठरली. त्यामुळे आमच्या बाजारपेठांतून कागदी पिशवीला नवी प्रतिष्ठा लाभली, हे स्वागतार्हच होय. परंतु घरी पोहोचताच ती पिशवी चुरगाळून कचऱ्यात टाकणारे हात कालचेच आहेत. कायदा बदलला, सवय मात्र बदलली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

कागद हातात घेतला की पर्यावरणाचे पुण्य पदरात पडले, असा एक सोयीस्कर समज रूढ होत आहे. तो खरा नाही. कागद करावयास लाकूड लागते, मुबलक पाणी लागते, रसायने व इंधन लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष डोळ्यांत अंजन घालणारा आहे. हवामानावरील परिणामापुरते पाहिले, तर एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी साधण्यासाठी कागदी पिशवी किमान ३ वेळा वापरावी लागते. सुती पिशवी तर १३१ वेळा! अर्थात, प्लास्टिक शतकानुशतके कुजत नाही, गटारे तुंबवते, गुरांच्या पोटात जाते, हे दोष या हिशेबाबाहेरचे आहेत आणि म्हणून आम्ही बंदीचे समर्थनच करतो. मात्र कागदी पिशवीचा चांगुलपणा ती किती वेळा वापरली जाते यावर अवलंबून आहे, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

येथे आमच्या भूमीची अडचण आड येते. कागदाचे बळ त्याच्या तंतूंनी एकमेकांना धरून ठेवण्यात असते आणि पाणी लागताच ती पकड सैल होते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोमंतकात, त्यातही आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत, कागदी पिशवीने टिकावे तरी कसे? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भर पावसात तळ फाटून कांदे-बटाटे चिखलात गडगडले, तर त्या गृहिणीला पर्यावरणाचे व्याख्यान देण्यात अर्थ नाही.

तथापि थोडी निगा राखल्यास बरेच साधते. पिशवीच्या तळाशी मापाचा पुठ्ठा बसवावा, म्हणजे ओझे एका जागी न येता सर्वत्र विभागले जाते. कडीच्या मुळाशी व वरच्या काठाला आतून जुन्या सुती कापडाची पट्टी खळीने चिकटवावी. पिशवी बहुधा तेथेच प्रथम फाटते. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. परंतु ते विषारी असल्याने खाण्याचे जिन्नस न्यावयाच्या पिशवीत कटाक्षाने टाळावे. जड वस्तू तळाशी ठेवावी व तळाला हाताचा आधार द्यावा. मासळी, ओली भाजी व दूध यांसाठी डबा किंवा कापडी पिशवीच न्यावी. घरी आल्यावर पिशवी वाऱ्यावर सुकवून, मूळच्या घड्यांवरच मोडून, ओल आणि कसर यांपासून दूर ठेवावी. आमच्या आज्या पुड्याचा दोराही गुंडाळून ठेवीत असत; त्या शहाणपणाला पर्यावरण हे नाव तेवढे नव्हते.

पिशवी निवडतानाही डोळे उघडे हवेत. चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेली कागदी पिशवी पाण्याला दाद देत नाही, पण तिचा पुनर्वापर लगदा करून सहजी होत नाही. कापडासारखी दिसणारी न विणलेली पिशवी तर बहुधा प्लास्टिकच असते. वर्तमानपत्राच्या पिशव्या सुक्या, बांधीव मालापुरत्याच ठीक. छपाईच्या शाईमुळे त्यात उघडे अन्न बांधू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून बजावले आहे.

सारा भार ग्राहकावर टाकून मात्र चालणार नाही. बाजारात पाट्या घेऊन बसणाऱ्या भाजीवालीला पिशवीचा खर्च आपल्या तुटपुंज्या नफ्यातून सोसावा लागतो; घरून पिशवी नेणारा ग्राहक तिला तेवढे साह्यच करीत असतो. मोठ्या दुकानदारांनी सुस्थितीतील पिशव्या परत घेण्याची सोय करावी. शासनाने महिलांच्या स्वयंसहाय्य गटांकडून तळाला पुठ्ठा व काठाला दुहेरी घडी असलेल्या मजबूत पिशव्या करून घ्याव्यात. गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण सोनसोडोचा डोंगर अशाच क्षुल्लक गोष्टींनी रचला गेला आणि २०१९ च्या मे महिन्यात त्याला लागलेल्या आगीचा धूर मडगावकरांच्या घराघरांत शिरला होता.

चतुर्थीला माटोळीच्या बाजाराला निघताना गेल्या वेळची पिशवी आठवणीने बरोबर घ्यावी, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे. बंदी घालणे सरकारच्या हाती असते; ती सार्थ करणे आपल्या हाती.