चिऊचं घर उन्हात

सुट्ट्या लागल्या की ओळखीतल्या तरुण आईबापांचा एक प्रश्न ठरलेला असतो : बालवाडीतल्या मुलाला घरी काय शिकवायचं? बाजारात याची उत्तरं तयारच असतात. गोष्टीतली चिमणी रंगवा, तिच्याखाली 'च' गिरवा, दाणे मोजून आकडा लिहा. यात गोष्ट नावापुरती. तिच्या आडून अक्षरं गळी उतरवायचा बेत असतो आणि मुलांना तो लगेच कळतो. मला वाटतं, एकच गोष्ट धरावी, मनसोक्त सांगावी आणि खेळ तिच्या पोटातून निघू द्यावेत.

चिऊकाऊचीच घ्या. पावसात शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. करून मात्र सहसा कुणी बघत नाही. माझ्या चार वर्षांच्या नातीबरोबर मी ते केलं. फ्लॅटमध्ये शेण कुठून आणणार? कुंडीतली माती कालवून काऊचं घर झालं. मेणबत्त्यांचे तुकडे मी कोमट पाण्यात मऊ करून दिले, तिने ते दाबून-चेपून चिऊचं घर उभं केलं. दोन्ही घरं परातीत ठेवली आणि चाळणीतून तांब्याने पाऊस पाडला. काऊच्या घराची आधी कड ढासळली, मग भिंत बसली, परातभर गढूळ पाणी झालं. चिऊच्या छपरावरून थेंब नुसते घरंगळत होते. नातीने एक थेंब बोटाने ढकलून पाहिला, पुन्हा ढकलला.

मग म्हणाली, "आजी, आता ऊन पडू दे."

हे माझ्या डोक्यातही नव्हतं. काऊला नवं घर बांधून दोन्ही घरं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मे महिन्याचं ऊन ते. दुपारी मेण मऊ पडलं, छप्पर एका अंगाला कललं, संध्याकाळपर्यंत चिऊचं दार पार बुजलं. मातीचं घर मात्र वाळून कडक झालं होतं. रात्री गोष्ट नातीने सांगितली. तिच्या गोष्टीत चिऊ बाळाला घेऊन काऊचं दार वाजवते, आणि काऊ तिला जराही थांबवत नाही.

चार वर्षांच्या मुलीने दोन वस्तूंचे गुण ताडून पाहिले, नवा प्रश्न काढला आणि त्याच्या उत्तरातून ऐकलेली गोष्ट उलटी फिरवली. वर्कशीटच्या चौकटीत यातलं काय मावलं असतं? अक्षरंही आलीच. घरांवर पाट्या हव्यात, हा तिचाच हट्ट. मी लिहून दिल्या. आता 'काऊ'वर बोट ठेवून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते.

ही वाट मुळीच नवी नाही. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920मध्ये बालमंदिर सुरू केलं. 'दिवास्वप्न' या त्यांच्या पुस्तकातला शिक्षक दंगेखोर वर्गाला कशाने जिंकतो, तर गोष्टीने. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी उभारली, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. आज घरोघरी पार्सलने येणारे 'अ‍ॅक्टिव्हिटी किट' पाहिले की मला बोर्डी आठवते. त्या खोक्यांपेक्षा आपल्या ओट्यावर कितीतरी जास्त साधनं पडलेली असतात.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे. दमून सातला घरी येणाऱ्या आईने परात-चाळणी मांडावी, असं मी म्हणणार नाही. चिऊचं बाळ भातुकलीतही असतंच. आधी आंघोळ, मग अंग पुसणं, मग तीट, मग झोप, हा क्रम मूल बाहुलीवर एकटं पार पाडतं. आपण कणीक मळता मळता दाराबाहेरचा काऊ व्हायचं. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट असेल, तर भाजी आणायला मुलाला बरोबर न्यावं, भोपळा त्याला उचलू द्यावा. घरी आल्यावर काय काय गडगडतं आणि काय जागच्या जागी बसतं, ते त्याचं तो शोधतो.

आणि मुलाने तीच गोष्ट पुन्हा मागितली, तर घाईने नवं पुस्तक पुढे करू नका. त्याच्या मनात अजून काहीतरी करून बघायचं राहिलेलं असतं.