तोफेवरची नावे

मिरा रोडहून भाईंदर पश्चिमेला आणि तिथून उत्तनच्या बाजूने चौक गावात गेलात की धारावी किल्ल्याचे अवशेष लागतात. खाली कोळ्यांच्या होड्या, समोर खाडी आणि पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून धारावी घेतला आणि मे महिन्यात वसई. चिमाजी अप्पांचे स्मारक इथे उभे आहे ते त्यामुळेच.

मागच्या खेपेला सोबत आमच्या इमारतीतला कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. वसईकडे बघत त्याने विचारले, "चाचा, तिकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या ना? मग त्या आता कोणाच्या?"

वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रातल्या मंदिरांना दिल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्यातली एक टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशूची आकृती आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ ची घंटाही वसईचीच मानतात. मेणवलीच्या घंटेवरची मेरी कोणी कानशीने घासून काढली नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले नाही. 'हे कोणाचे?' हा प्रश्न हल्ली आम्हाला फार वेळा ऐकावा लागतो. प्रश्न दगडाचा किंवा इमारतीचा असतो, जबाब मात्र शेजारच्या जिवंत माणसाकडे मागितला जातो. जानेवारी २०२४ मध्ये मिरा रोडने जे पाहिले, त्यानंतर हा प्रश्न आमच्या मुलांना पुस्तकातला वाटत नाही. म्हणून मी त्याला एका तोफेची गोष्ट सांगितली.

विजापूरच्या शर्झा बुरुजावर मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी साधारण १४ फूट. तोफेचे तोंड म्हणजे आ वासलेला सिंह आणि त्याच्या जबड्यात हत्ती. शस्त्र म्हणून तिचा जमाना गेला, पण दख्खनच्या ओतकामाचा इतका देखणा नमुना दुसरा सापडणे कठीण. ती विजापूरची नाही. १५४९ मध्ये ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहासाठी ओतली गेली. ओतणाऱ्याने आपले नाव तिच्यावर कोरून ठेवले आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. त्याच तोफेवर निजामशहाने स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवून घेतले आहे. शिया पंथाची ही खूण उघड आहे.

पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात आली. १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती तिथून विजापूरला नेली. शेकडो बैल आणि हत्ती जुंपले होते, असे सांगतात. म्हणजे तुर्की कारागिराने शिया सुलतानासाठी ओतलेली तोफ एका ब्राह्मण सरदाराने दुसऱ्या सुलतानासाठी ओढून नेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आपण ही तोफ जिंकल्याचा लेख तिच्यावर कोरवला. आधीची नावे मात्र त्याने राहू दिली. निजामशहाची शिया ओळ सुन्नी बादशहाच्या लेखासोबत आजही त्याच धातूवर आहे.

शेवटी इंग्रज आले. १८५४ मध्ये निरुपयोगी सरकारी सामान विकून टाका, असा हुकूम सुटला आणि तोफ लिलावात निघाली. सर्वात मोठी बोली आली १५० रुपयांची! एवढ्या कमी किमतीत ती देणे अधिकाऱ्याला पटले नाही, त्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. नाहीतर आज ती भंगारात वितळलेली असती.

"मग तोफ कोणाची?" मुलगा म्हणाला. मी म्हटले, तिच्यावर नावे आहेत, सगळी वाच.

वस्तूचा प्रवास नीट न तपासता मालकी ठरवली की काय होते, तेही इतिहासात आहे. १८४२ मध्ये गव्हर्नर जनरल एलेनबरोने गझनीहून लाकडी दरवाजे आणवले. गझनीच्या महमूदाने नेलेले सोमनाथचे दरवाजे परत आणले, अपमानाचा बदला घेतला, असा गाजावाजा झाला. तपासणीत लाकूड देवदाराचे निघाले आणि कोरीवकाम गझनीकडचे. सोमनाथशी त्यांचा संबंध नव्हता. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. त्या घोषणेने लोकांच्या मनात जे पेरले, ते मात्र पडून राहिले नाही.

थोडे आपल्या लोकांशीही बोलायला हवे. विजापूरला सहलीला गेलो की आपण 'आपल्या बादशहांची तोफ' म्हणून फोटो काढतो. मुहम्मद बिन हसन रूमी किती जणांना ठाऊक आहे? परांडा किती जणांना आठवतो? बादशहाच्या दौलतीचा वारसा सांगायचा आणि लुटीचा विषय निघाला की 'आमचा काय संबंध' म्हणायचे, हे चालणार नाही. ती दौलत आमची नव्हती आणि ती लूटही आमची नव्हती. आमचे पूर्वज बहुतेक विणकर, शेतकरी, कारागीर. नाते सांगायचेच तर ते भट्टीसमोर उभे राहणाऱ्यांशी सांगावे.

माझी मागणी साधी आहे. मंदिरातली घंटा मंदिरात राहू द्या, बुरुजावरची तोफ बुरुजावर. पण प्रत्येकीजवळ एक फलक हवा: कुठे ओतली, कोणी ओतली, कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली. विजय झाला असेल तर विजय लिहा, लूट असेल तर लूट. मेणवलीच्या फलकावर वसईचे चर्च असावे आणि विजापूरच्या फलकावर परांडा. मालकाची भलावण नको आणि बदनामीही नको. हा हिशेब वस्तूचा आहे, तो आजच्या शेजाऱ्याच्या नावावर टाकू नये.

परतताना बस भाईंदरकडे वळली तेव्हा मुलाने मोबाईलवर तोफेचा फोटो काढला होता. बोटांनी मोठा करून तो कोरलेली फारसी अक्षरे लावायचा प्रयत्न करत होता.