‘लोकल आयडी चालणार नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या आठवड्यात घरी कार्य होतं. पाहुणे मावेनात, म्हणून आतेभाऊ आणि वहिनींसाठी इथल्याच एका लॉजवर रूम बघायला गेलो. रूम शिल्लक होती. आधार कार्डावर वाईचा पत्ता दिसला आणि मॅनेजरनं कार्ड परत सरकवलं. "साहेब, लोकल आयडी चालत नाही." लग्नाला बावीस वर्षं झालेलं जोडपं! मुंबईचा पत्ता असता तर लगेच चावी मिळाली असती. (याच लॉजच्या उद्घाटनाची बातमी मी केली होती. असो.)

मालक म्हणतात, धंदा आमचा, गिऱ्हाईक आम्ही निवडणार. अर्धं मान्य. दारू पिऊन धिंगाणा घालणारा, बिल बुडवणारा, ओळखपत्र न दाखवणारा, खुशाल हाकला. मी तुमच्या बाजूनं लिहीन. गावातली भानगड आणि पोलिसांचं झंझट नको, ही भीतीही खोटी नाही. २०१५ मध्ये मुंबईत मढच्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडपी उचलली, ते सगळ्यांनी पाहिलंय. पण अविवाहित जोडप्यानं एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मग नवरा-बायकोनं पत्त्यासाठी का परत फिरायचं?

राज्यघटनेचं कलम १५(२) वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात कुणाला अडवता येत नाही. राहण्याचा पत्ता त्या यादीत नाही, हे मलाही कळतं. कायद्यातून निसटाल कदाचित. पण माणूस काय करतो हे न बघता तो कुठला आहे हे बघून दार लावायचं, ही सवय तीच जुनी. तिकडे कोल्हापुरात गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात सवर्ण चहा पीत नव्हते, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले.

आणि पाचगणीनं तरी हे करू नये. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी इथे बेल-एअर आरोग्यधाम काढलं, ते क्षयरोग्यांसाठी. ज्यांना घरचेही जवळ बसवायला घाबरायचे, त्यांना या गावानं खाट दिली.

नगरपालिका आणि हॉटेलवाल्यांची संघटना, दोघांना माझं सांगणं आहे: रूम नाकारायची तर कारण लेखी द्या. ‘लोकल’ एवढंच कारण असेल तर तेही सही-शिक्क्यानिशी लिहा.

तुम्हालाही असं परत पाठवलं असेल तर मला इनबॉक्स करा. नाव छापणार नाही.

वहिनी त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात झोपल्या.