निमगाव केतकीत कोण आले, कोण गेले, याची नोंद ठेवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, पुणे जिल्हा परिषद
मा. तहसीलदार, इंदापूर



तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामी येते, तेव्हा टँकर, शौचालये, आरोग्य पथके यांचा हिशेब आपण आधीच मांडता. एका रात्रीच्या त्या तयारीबद्दल गाव आपले ऋणी आहे. तालुक्यात चार-पाच महिने राहणाऱ्यांसाठीही असाच हिशेब मांडावा, ही विनंती.

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या तालुक्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे अंधारातच दोघे उसाच्या फडात जातात आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची पोर मागे राहते. तिचे नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असते, पण ती इथे असते.

आमची घरेही पांगली आहेत. पानमळा आणि डाळिंबावर चालणाऱ्या घरातला एक मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, दुसरा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. डाळिंबावर तेल्या रोग आला की घर पगारावर आणि दुधाच्या पैशावर तगते. सातबारा आणि रेशनकार्ड पाहिले, तर यातले काहीच दिसत नाही. योजना मात्र याच कागदांवर ठरतात.

शेवटची जनगणना २०११ ची. आता पुढच्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे ऐन गाळपात होणार आहे. गणनेच्या सगळ्या काळात जो घराबाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथेच होते. प्रगणक कोपीपर्यंत गेला नाही, तर ते कुटुंब कुठेच मोजले जाणार नाही. शिवाय जनगणना उत्पन्न विचारत नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या मुक्कामाच्या याद्या घेऊन प्रगणकांना द्याव्यात. प्रत्येक ग्रामपंचायतीत स्थलांतराची नोंदवही ठेवावी: कोण आले, कोण गेले, कशासाठी, आणि घर आता कोणत्या कमाईवर चालते. त्यातली गावाची बेरीज, कुणाचे नाव न घेता, दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. तेव्हा टोळ्या इथेच असतात, म्हणून शाळा, अंगणवाडी आणि पाण्याची सोय लगेच करता येईल.

या कामासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक गावोगाव आहेतच. येत्या हंगामाच्या आधी आपण तसा आदेश काढावा.

आपला,
निमगाव केतकीचा एक रहिवासी